शेवंताबाईंचं नाक

शेवंताबाईंच्या नाकाला आमच्या कॉलनीत लोक पोलिसांपेक्षा जास्त भ्यायचे. हे मी ऐकीव सांगत नाही, पकडला गेलेला माणूस म्हणून सांगतोय.

भद्रावतीच्या कारखान्यात मी फिटर होतो आणि बाई कँटीनमध्ये. आमच्या क्वार्टरला त्यांचं क्वार्टर लागून, मधे एक भिंत. महिन्यातून एखाद्या शनिवारी मित्राकडे दोन पेग घ्यायचे, येताना लवंग चघळायची आणि साळसूदासारखं घरात शिरायचं, असा माझा शिरस्ता होता. माझी बायको मंदा, तिला वर्षभर पत्ता नव्हता. एका रविवारी सकाळी बाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊ, काल लवंग खाल्ली का?"

"हो. दात दुखून राह्यला होता."

"लवंगीच्या आधी काय घेतलं थे बी सांगू का मंदाले?"

त्या दिवसापासून माझी दारू सुटली. कोणाच्या प्रवचनानं सुटली नसती, पण शेजारी असं नाक असल्यावर माणूस करणार काय. मला चार दिवस रागही आला होता. आपल्या घरात आपल्याला श्वास सोडायची चोरी, असलं कुठं असतं का? पण बाईंनी मंदाला कधी सांगितलं नाही. मीच पुढं सांगून टाकलं, आणि शिव्या खाल्ल्या.

नाक म्हणाल तर बसकं, चारचौघींसारखंच. बाई बुटक्या, चालणं भरभर, रविवारी विहारात जाताना पांढरं पातळ. वास घ्यायच्या वेळी मात्र त्या एकदम थांबायच्या. हातातलं काम थांबायचं, तोंड मिटायचं, आणि डोळे कुठंतरी लांब लागायचे. कँटीनमध्ये दुधाच्या कॅनचं झाकण उघडून म्हणायच्या, "हे दोन घंट्यानं फाटते, आधी याचा चहा करा." आणि दोन तासांनी फाटायचंच. उन्हाळ्यात त्या अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करायच्या. भट्टीजवळ काम करणारी माणसं त्या सरबतासाठी हातात पेला घेऊन उन्हात उभी राहत. त्यात काय घालता, असं कोणी विचारलं तर बाईंचं उत्तर एकच असायचं, "फळाले आधी रडू द्याचं. मंग बाकीचं."

त्यांचा नवरा दारूनं गेला. त्याच्याच जागेवर त्यांना नोकरी लागली होती. मुलगी प्रज्ञा तेव्हा पाळण्यात. बाई त्याबद्दल एक वाक्य बोलायच्या आणि विषय बदलायच्या. पण पुढं गावोगावच्या बायका दारूच्या विरोधात काठ्या घेऊन निघाल्या तेव्हा आमच्या भागात सगळ्यांच्या पुढं शेवंताबाई. बाकीच्यांना खबऱ्या लागत, यांना वारा पुरे. शेताच्या बांधावर उभ्या राहायच्या, तोंड मिटायच्या, आणि बोट दाखवायच्या, "त्या बोरीच्या मांगं पाहा." बोरीच्या मागं मोहाची मडकी पुरलेली निघायची. मग काठी. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मडकं फोडून झाल्यावर बाई हात धुवायच्या आणि तो हात बराच वेळ पदराला पुसत राहायच्या.

जिल्ह्यात दारू बंद झाली तेव्हा विहारात त्यांचा सत्कार झाला. काही वर्षांनी दुकानं पुन्हा उघडली. मला वाटलं बाई आता आभाळ डोक्यावर घेतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बंद करनं आपल्या हाती होतं भाऊ, बंद ठेवनं नव्हतं."

तोवर आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो, आणि क्वार्टर सोडून गावातल्या एकाच लेआउटमध्ये शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते. मंदा म्हणाली, "तुम्ही काही त्या नाकापासून सुटत नाही."

प्रज्ञानं नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट केलं. पोरगी हुशार, पण नोकऱ्या मिळाल्या त्या रिसेप्शनवर उभं राहून हसायच्या. मग ताडोबाच्या एका गेटापाशी नवीन रिसॉर्ट उघडायचं ठरलं. तिथं पेयांच्या काउंटरचं सगळं काम एका माणसाच्या हाती देणार होते. राहायला क्वार्टर, हाताखाली माणसं, घरापासून दोन तासांवर. प्रज्ञा गेली, मुलाखत चांगली झाली. मॅनेजर म्हणाला, आमच्या पाहुण्यांना सफारीवरून आल्यावर देता येईल असं फळांचं काहीतरी हवं, रेड वाइनमधलं. दुसरीकडं कुठं मिळत नाही असं. आठ दिवसांनी या आणि करून दाखवा. आणखी दोघं येणार होते, तेही मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतले. पोरीला ही जागा जिवापाड हवी होती. पण प्यायचं सोडा, ज्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून येतं त्या घरात तिला वाइनचं काम करायचं होतं.

तिनं दोन बाटल्या आणल्या. एक आईच्या माघारी उघडून यूट्यूब बघत काहीतरी केलं, ते भिंतीवरून मला दिलं. मी घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. शाळेत सक्तीनं पाजायचे ते टॉनिक आठवलं. दुसरी बाटली वास बघायला उघडली होती, ती पुन्हा बूच लावून तिनं तांदळाच्या पिंपात पुरली. कुठं पुरली पाहा. ज्या बाईनं जमिनीतली मडकी वासावर काढली तिच्याच तांदळात.

संध्याकाळी बाईंनी भातासाठी पिंप उघडलं. मी आणि मंदा त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. आतलं मापटं वाजायचं थांबलं. मग बाई बाटली घेऊन बाहेर आल्या आणि आमच्या मधोमध टीपॉयवर ठेवली.

"अंगूर हाये," त्या म्हणाल्या. "सडवलेला. कोनाची हाये व?"

प्रज्ञानं खाली मान घालून सगळं सांगितलं. नोकरी, आठ दिवस, मुंबईचे दोघं. त्यातले चार दिवस गेलेलेच होते. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, मी पीत नाही. पिणारही नाही. पण मला हे काम येतं. माझ्या हाताला ते येतं, फक्त नाक कमी पडतं. तुझ्यासारखं असतं तर..."

बाई उठून आत गेल्या. दुसरा अख्खा दिवस त्या घराचं दार लोटलेलंच होतं. मंदा दोनदा भाजी घेऊन गेली, दोन्ही वेळा भरलेलीच वाटी परत घेऊन आली. मला बाईंचा राग आला, पोरीचाही आला, आणि मी यात कुठंच नव्हतो म्हणून स्वतःचाही आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी भिंतीवरून हाक मारली, "भाऊ, मंदा, या इकडं." आम्ही गेलो. त्यांनी प्रज्ञाला समोर बसवलं आणि जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"तुहा बाप पीत नव्हता व. लग्न झालं तवा नव्हता पीत. कारखान्यात लागला, कोना साहेबाची पार्टी होती. सगळ्याइच्या हाती गिलास. हा उभा, हात रिकामे. लोकं हासले. म्हने, याले दूध आना. त्यानं पह्यला गिलास चवीसाठी नाई घेतला. हात रिकामे होते म्हून घेतला." त्यांनी प्रज्ञाची हनुवटी वर केली. "तवा असं कर. दोन बनव. एक तुह्या साहेबाची वाइनवाली, एक बिनाची. रंग एक, गिलास एक. जो पीत नाई त्याच्या हाती बी तेच दिसलं पायजे. बिनाची चांगली जमत नाई तोवर वाइनवालीले मी नाक नाई लावत."

प्रज्ञा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मंदाही रडली. मी चष्मा पुसला, दुसरं काय करणार.

मग बाई कामाला लागल्या, आणि मी जन्मात पाहिलं नाही असं स्वयंपाकघर पाहिलं. संत्री सोलून प्रत्येक फोडीवरचा पांढरा पापुद्रा नखानं काढायचा, कारण कडवटपणा त्यात असतो. डाळिंबाचे दाणे, पेरूच्या पातळ फोडी, बोरं चिरून बिया काढून. सगळं पातेल्यात घालून वर साखर भुरभुरायची आणि ओलं फडकं टाकून गप्प सोडून द्यायचं. "रडू दे त्याले," बाई म्हणायच्या. तासाभरात फळं आपल्या रसात बुडायची. दालचिनी आणि दोन लवंगा संत्र्याच्या रसात उकळून तो रस पूर्ण गार करायचा. वाइन कधी तापवायची नाही, हे प्रज्ञानं सांगितलं आणि बाईंनी मान्य केलं. बिनावाइनच्या पातेल्यात वाइनच्या जागी अंबाडीच्या बोंडांचा काढा. त्याचा लाल रंग बघून प्रज्ञा हसायला लागली. दोन पातेली शेजारी ठेवली तर कोणतं कोणाचं ते मला सांगता येईना.

वाइनचं पातेलं बाई चाखणार नव्हत्या. त्या वाकून वास घ्यायच्या आणि सांगायच्या, रस वाढव, किंवा थांब. पण जिभेची साक्ष लागायचीच. तेव्हा ज्या बाईनं माझी सोडवली त्याच बाईनं मला चाखायला बसवलं. मंदा चमचा घेऊन उभी.

"एकच," मंदा म्हणाली.

"चमच्यानं काय कळते?" मी म्हणालो.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "पेल्यानं कळते थे तुम्हाले आधीच मालूम हाये."

दोन दिवस असं चाललं. प्रयोगात वाइन थोडी थोडी संपत गेली, आणि दाखवायच्या आदल्या दिवशी बाटलीत तेवढीच उरली जेवढी शेवटच्या पातेल्याला लागणार. दुकान बंद होतं, कसलातरी ड्राय डे. म्हणजे जे काही करायचं ते एकदाच.

आणि चूक केली ती मी. फळं वाइनमध्ये पडली होती, आता मूठभर मनुका घालायच्या होत्या. बाई आतल्या खोलीत दालचिनी कुटत होत्या, प्रज्ञा दारात उभी राहून फोनवर बोलत होती. बाईंनी आतून सांगितलं, "भाऊ, तिसऱ्या फळीवरचा डबा." मी उंच हात करून डबा काढला. चष्मा घरी राहिला होता. आत सुकलेलं, सुरकुतलेलं, तपकिरी काहीतरी होतं. मूठ भरली आणि पातेल्यात टाकली.

आतलं कुटणं थांबलं. बाई दारात आल्या. तोंड मिटलेलं.

"मोह कोनं टाकला?"

 तो डबा दुसऱ्या फळीवरचा होता. बाईंचं माहेर गडचिरोलीच्या पलीकडं जंगलात, तिथून भाऊ दरवर्षी सुकलेली मोहाची फुलं पाठवायचा हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. मोहाची मडकी फोडणाऱ्या बाईच्या घरात मोह असेल अशी शंका तरी कोणाला येणार? प्रज्ञा धावत आली, पातेल्यात बघितलं आणि फळीला टेकून उभी राहिली.  मी म्हणालो, "माझ्या हाताला आग लागो." कोणी नाही म्हटलं नाही.

बाई पातेल्याजवळ खाली बसल्या.

"आमच्या मायनं आमाले हेच चारून जगवलं," त्या म्हणाल्या. "घरात तांदूळ नसे तवा मोह शिजवून दे. गोड लागे. मी मडके फोडत होती ना, तवा मले फुलाचंच वाईट वाटे. फुलानं काय केलं? सडवते मानूस." मग पोरीकडं बघून म्हणाल्या, "राहू दे. काढू नोको."

"आई, वास येईल ना गं."

"येईल. मी बसली हाये इथी."

त्या पातेल्याशी बसल्या, नाक वाफेवर धरतात तसं खाली करून. आम्ही तिघं भिंतीला टेकून.  किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तर दिवस गेल्यासारखा वाटला. बाई मधे एकदा म्हणाल्या, "आता फूल बोलून राह्यलं."  आणि मग एकदम, "काढ. सगळा काढ, एक बी ठेवू नोको." प्रज्ञानं झाऱ्यानं फुलं काढली. बाई म्हणाल्या, याच्या पुढं गेलं असतं तर भट्टीचा वास आला असता. फूल कुठं संपतं आणि भट्टी कुठं सुरू होते, ती हद्द अख्ख्या जिल्ह्यात त्या एका बाईलाच एवढी नेमकी माहीत असेल.

मंदानं चमचा भरला. मी घेतला. आणि गप्प बसलो. आधी संत्रं आलं, मग डाळिंब, आणि सगळं गेल्यावर मागं जंगलातल्या सकाळचा तो गोड, जडसर वास. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"भाऊ गप बसले," त्या प्रज्ञाला म्हणाल्या. "जमलं."

तेवढाच मोह, तेवढाच वेळ अंबाडीच्या पातेल्यातही बुडवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही निघालो. दोन झाकणाच्या डोलच्या, एक बाईंच्या मांडीवर, एक प्रज्ञाच्या. वाइनची डोलची प्रज्ञाकडं होती, हे सांगायला नको. मुंबईचे दोघं आधीच येऊन बसले होते, चकचकीत पेट्या आणि निरनिराळे चमचे घेऊन. आमच्या डोलच्या बघून एकानं दुसऱ्याकडं पाहिलं. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण परीक्षा पोरीची होती.

मॅनेजरबरोबर आणखी दोघं बसले होते, मालकांकडचे. प्रज्ञानं बर्फ घातला, सोडा वरून हलकेच सोडला, आणि सहा ग्लास मांडले. तीन वाइनचे, तीन बिनाचे. "तुम्हीच ओळखा," ती म्हणाली. तिघांनी घोट घेतले. तिघंही गप्प बसले. मी बाईंकडं पाहिलं, बाई जमिनीकडं बघत होत्या, पण ओठ हलले त्यांचे.

मग वाद सुरू झाला. मालकांकडचा एक म्हणाला, याच्यात वाइन आहे. दुसरा म्हणाला, छे, त्याच्यात. मॅनेजरनं गंमत म्हणून ग्लास फिरवले, पाठ करून पुन्हा फिरवले. आता प्रज्ञालाही सांगता येईना. तिनं आईकडं पाहिलं.

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. टेबलापासून चार पावलांवर होत्या. मॅनेजर एकेक ग्लास उचलून पुढं धरत गेला, आणि बाई सांगत गेल्या. "बिनाची. वाइन. वाइन. बिनाची. वाइन." सहावा ग्लास धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "बिनाची. पन तुम्ही दुसऱ्या गिलासाचा चमचा यात बुडवला साहेब." मॅनेजरनं हातातल्या चमच्याकडं पाहिलं आणि खाली बसला. मुंबईचा तो मघाचा पोरगा टाळ्या वाजवायला लागला. तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलं.

नोकरी तिथंच, त्याच टेबलावर पक्की झाली. मॅनेजर म्हणाला, याला नाव हवं, आईचंच देऊ या. बाई ताडकन म्हणाल्या, "माह्या नावावर दारू नाई." तडजोड अशी झाली की बिनावाइनच्या पेयाचं नाव शेवंता, आणि वाइनवालीचं नाव दुसरी. आजही तिथल्या कार्डावर तसंच छापलंय. आणि बाईंची अट होती ती तोंडी, पण पाळली जाते: जो पीत नाही त्याला पाण्याची बाटली द्यायची नाही, हाच ग्लास द्यायचा.

परतीच्या वाटेवर प्रज्ञा मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर झोपून गेली. व्हॅनमध्ये संत्र्याचा वास भरला होता. मंदानं मला सांगितलं, गाणं म्हणू नका. मी म्हटलंच.

विहारात पुढच्या रविवारी एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "शेवंताबाई, तुमचीच पोरगी दारू देऊन राह्यली, हे कसं?" शेवंताबाई म्हणाल्या, "तुहा सवाल बरोबर हाये बाई. पुरं उत्तर माह्यापाशी नाई. अर्धं हाये, थे तिथी येऊन पाह्य." शेवंताबाई विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, ते पद त्यांनी त्याच दिवशी सोडलं. वंदनेला जायचं मात्र एकदाही चुकवलं नाही.

मग त्या प्रज्ञाकडं राहायला गेल्या. शेजारचं घर बंद झालं. मी आता मोकळा श्वास सोडतो आणि मला करमत नाही.

मे महिन्यात मंदा आणि मी तिकडं जाऊन आलो. संध्याकाळच्या सफारीच्या जिप्सी परत येत होत्या, सगळी माणसं धुळीनं लाल. पाहुणे व्हरांड्यात चढले आणि प्रज्ञाच्या माणसांनी त्यांच्या हाती ग्लास दिले. कोणाच्या हाती शेवंता, कोणाच्या हाती दुसरी, लांबून काही कळत नव्हतं. मी शेवंता मागितली. बाई माझ्या खुर्चीजवळून गेल्या, क्षणभर थांबल्या, काही न बोलता पुढं गेल्या. एवढ्या वर्षांत माझा वास घेऊन त्या पहिल्यांदाच गप्प बसल्या.

व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली जिप्सीचे ड्रायव्हर आणि गाइड उभे होते, पाहुण्यांचं आटपायची वाट बघत. पांढऱ्या पातळातल्या बाई ट्रे घेऊन पायऱ्या उतरल्या आणि एकेकाच्या हाती ग्लास देत गेल्या. शेवटचा एक ड्रायव्हर नवीन होता. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि संकोचून म्हणाला, "मी पीत नाई बाई."

"म्हूनच त आनला," बाई म्हणाल्या. "धर. हात रिकामा नोको ठेवू."